खर्चाची वही कोण वाचणार?



मी काय काम करते असं सकाळपासून बरेच जण विचारताहेत. 'एआय' म्हटलं की पुढचा प्रश्न मुलांच्या नोकऱ्यांचा येतो. तो आज बाजूला ठेवूया. आपल्यात दोघे ग्रामसेवक आहेत, एक नगरसेविका आहे आणि कर भरणारे तर सगळेच, म्हणून पंचायतीच्या खर्चाबद्दल बोलते.

डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानात, पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई भरवली. गावातल्या कामांचे कागद लोकांसमोर मोठ्यानं वाचले. अशा सुनावण्यांत पुढे मेलेल्या माणसांची नावंही हजेरीपत्रकावर निघाली. त्या लढ्यातून २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. त्याच्या कलम ४ नुसार खर्चाची माहिती कार्यालयानं आपणहून जाहीर करायची असते.

आता कागद मिळतात, पण वाचणार कोण? शेकडो पानं, तिरकी स्कॅन केलेली, आकड्यावरच शिक्का. जुन्या फॉन्टमधली फाइल उघडली तर नुसती चिन्हं! इथे यंत्र खरंच उपयोगी पडतं. ब्राझीलमध्ये २०१६ साली काही प्रोग्रामरांनी खासदारांची खर्चाची बिलं तपासायला 'रोझी' नावाचा प्रोग्राम लिहिला. जेवणाचं अवाच्या सवा बिल, एकाच दिवशी दोन लांबच्या शहरांतला खर्च, असं काही दिसलं की ती खूण करायची. त्याच मंडळींच्या कामातून पुढे नगरपालिकांची राजपत्रं गोळा करून शोधता येतील अशी करणारा प्रकल्पही उभा राहिला.

आपल्याकडे हेच करता येईल. एकच गटार दोन निधींतून दाखवलंय का? एका कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाची रक्कम निविदेच्या मर्यादेच्या जराशी खाली ठेवलीय का?

पण एक धोका आहे, आणि तो मला लहान वाटत नाही. यंत्राची खूण म्हणजे चोरी नव्हे. एकाच मोरीची दोनदा दुरुस्ती दिसली, तर ती पावसात दोनदा वाहून गेलेली असू शकते. अस्पष्ट स्कॅनमध्ये यंत्र १ चा ९ वाचतं, आणि एका लाखाचे नऊ लाख होतात. तो आकडा व्हॉट्सअॅपवर फिरला की प्रामाणिक ग्रामसेवकाची अब्रू दुपारपर्यंत गेलेली असते. म्हणून माझा आग्रह असा: आधी मूळ कागद डोळ्यांनी पाहायचा, मग ग्रामसेवकाला विचारायचं, आणि उत्तर पटलं नाही तर प्रश्न ग्रामसभेत लेखी मांडायचा. ग्रुपवर टाकायची घाई नको.

ज्यांना आपल्या गावापुरतं हे करून पाहायचंय, त्यांनी गेल्या तीन वर्षांची अंदाजपत्रकं आणि मोजमाप पुस्तिकांच्या प्रती मिळवून मला पाठवा. वाचून, तक्ता करून मी परत पाठवते. रस्त्याची लांबी टेपनं मोजायला मात्र गावातलीच दोन माणसं लागतील.