मस्टरवर नसलेली माणसं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील साखर कारखान्यांमधून आलेले मनुष्यबळ अधिकारी, कामगार कल्याण अधिकारी, शेती अधिकारी आणि मित्रहो,



उद्योगांनी माणसाचे हक्क जपावेत, हा विचार आपल्या भागाला परका नाही. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलच्या निवडुंगांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या, कुणी दारात उभं करत नव्हतं अशा माणसांवर त्यांनी वसाहतीच्या पहाऱ्याचं काम सोपवलं. मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा यायला तेव्हा अजून 38 वर्षं होती.

आज कारखान्याच्या गेटच्या आत बरंच काही मार्गी लागलं आहे. 500 कामगार असले की कल्याण अधिकारी हवा, 30 पेक्षा जास्त महिला असल्या की पाळणाघर हवं, हे 1948 च्या कारखाने कायद्यानं घालून दिलं होतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती 2013 च्या कायद्यानं आली. यातलं काहीही सहजासहजी मिळालेलं नाही आणि मी ते कमी लेखत नाही. पण आज मला गेटच्या बाहेर बोलायचं आहे. साखरेचं काम गेटच्या बाहेर, फडात सुरू होतं.

दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. मोकळ्या रानात कोप्या पडतात. पहाटे अंधारात तोड सुरू होते. नवरा ऊस तोडतो. बायको वाढे बाजूला करते, मोळी बांधते, आणि ट्रक आला की तीच मोळी डोक्यावर घेऊन टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. रात्री गाडी आली तर रात्री चढते. सात महिन्यांची गरोदर असली तरी चढते. दोघांना मिळून म्हणायचं एक कोयता. उचल एकाच्या हाती, हिशेब एकाच्या नावावर, आणि ते नाव नवऱ्याचं. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे दंड. पाळीत पोट दुखलं तरी खाडा.

या खाड्याचं पुढे काय होतं, ते 2019 साली महाराष्ट्रासमोर आलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दर सहा बायकांत एक! यात खासगी दवाखान्यांचा दोष आहे, बालविवाहाचा आहे, गरिबीचा आहे. पण विश्रांतीच्या एका दिवसाला दंड लावणारी व्यवस्था आपल्या हंगामाची आहे, आणि तो दोष आपल्याला बीडवर ढकलता येणार नाही.

आपल्याकडचं नेहमीचं उत्तर मला ठाऊक आहे. करार टोळी आणणाऱ्या मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी असतो, ती आमची माणसं नाहीत. मी हे उत्तर मानत नाही. कारखान्याला गट नंबर ठाऊक असतो, लागणीची तारीख ठाऊक असते, उसाची जात ठाऊक असते. तोडीची चिठ्ठी आपण देतो, काटा आपला, गव्हाण आपली. शेतकऱ्याला 14 दिवसांत पैसे द्यायला 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आपल्याला बांधतो. उसाच्या प्रत्येक खेपेचा माग ठेवणाऱ्या आपल्या नोंदवहीत तो ऊस तोडणाऱ्या बाईचं नाव मात्र नसतं. नाव नसलं की भरपाईचा दावा उभा राहत नाही, बाळंतपणाची रजा मागता येत नाही, तक्रार कुणाकडे न्यायची तेही कळत नाही.

कायद्यानंही या माणसांना मधल्या जागेत सोडलं. 1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडमधल्या आष्टीहून कराडला आलेला माणूस त्यात बसलाच नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ झालं, त्यासाठी दर टनामागे 10 रुपये कारखान्यांकडून घ्यायचं ठरलं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ झाली. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण वाढलेला दरसुद्धा कोयत्यालाच मिळतो, बाईला नाही.

आता साखरेचे खरेदीदारही हे विचारू लागले आहेत. उद्योग आणि मानवी हक्कांबद्दलची संयुक्त राष्ट्रांची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की कंपनीची जबाबदारी तिच्या पुरवठादारांपर्यंत जाते. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं महाराष्ट्रातल्या ऊसतोड महिलांवर लिहिलं, तेव्हा साखर घेणाऱ्या कोका-कोला आणि पेप्सिको या कंपन्यांना उत्तरं द्यावी लागली. आपण मात्र बाहेरच्यांनी विचारण्याची वाट पाहू नये. सहकाराची भाषा बोलणाऱ्या या दोन जिल्ह्यांना ते शोभत नाही.

काय करावं, हे फार अवघड नाही. तळावर पाणी, वीज आणि दाराला कडी असलेली न्हाणी हवी. अंधारात आडोशासाठी उसात जाणाऱ्या बाईला कशाची भीती असते, हे वेगळं सांगायला नको. फडाजवळ मुलं सांभाळायची सोय हवी. तिथे उघड्यावर झोपवलेलं मूल ट्रॅक्टरखाली येण्याचा धोका रोज असतो. आजारपणाच्या दिवसाचा खाडा बंद करणं तर केवळ एका ठरावाचं काम आहे. संचालक मंडळापुढे तो ठराव मांडणारा अधिकारी या सभागृहात बसला आहे.

पुढच्या हंगामाचे करार लवकरच सुरू होतील. माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे: मुकादमाकडून नवरा आणि बायको अशा दोघांची वेगवेगळी नावं घ्या, बाईची सही किंवा अंगठा वेगळा घ्या, आणि तिच्या कष्टाचे पैसे तिच्याच खात्यावर जमा करा.