४८ नगांचं बिल



बावीस वर्षं मी कारखान्यांच्या अकाउंट्स विभागात पुरवठादारांची बिलं पास करते आहे. ऑफिसात याला ‘पेएबल्स’ म्हणतात. आपल्याकडे साधा शब्द आहे, देणं. बिल नीट तपासणं हे या कामाचं निम्मं अंग. तपासलेलं बिल वेळेत सोडणं हे दुसरं निम्मं, आणि आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्याबद्दल.

तपासताना तीन कागद शेजारी ठेवायचे. परचेस ऑर्डर सांगते काय मागवलं आणि कोणत्या दराने. स्टोअरची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, सांगते प्रत्यक्ष काय आलं. बिल सांगतं किती पैसे मागितले आहेत. तिन्ही जुळले, की जीएसटी, टीडीएस पाहायचा. एकच बिल ‘०४५७’ आणि ‘४५७’ अशा दोन नंबरांनी चढलेलं मी पकडलं आहे. ‘आमचं बँक खातं बदललं’ अशी मेल आली, तर मेलमधल्या नव्हे, आपल्या दप्तरातल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची. हा फोन कधीही टाळू नये.

आता वेळेची गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लहान कारखानदाराचं ५० कास्टिंग्जचं बिल आलं. जीआरएनवर ४८ पास, २ रिजेक्ट. आकडे जुळेनात, म्हणून मी अख्खं बिल बाजूला ठेवलं आणि त्याला कळवलंही नाही. दीड महिन्याने तो गृहस्थ फाइल छातीशी धरून टेबलासमोर उभा राहिला. म्हणाला, “मॅडम, दोन नगांचे कापा, पण अठ्ठेचाळीसचे तरी सोडा. शनिवारी माणसांचे पगार आहेत.” दोन नगांची डेबिट नोट काढायला मला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांसाठी मी त्याला दीड महिना अडकवलं होतं. त्याचे पैसे आम्ही न विचारता, बिनव्याजी वापरले होते.

उशीर म्हणजे दुसऱ्याचे पैसे वापरणं, हे कायद्यानेही मान्य केलं आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. मालाबद्दल तक्रार असेल, तर ती माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवायची. मनात ठेवलेली तक्रार धरली जात नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक गाठ मारली: मुदत चुकली तर तो खर्च, पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी आयकरात वजा मिळतो. तेव्हापासून मार्च आला की मोठे साहेबही थकलेल्या बिलांची यादी मागतात.

श्रोत्यांत लहान कारखानदार असतील, त्यांना विनंती: उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापा आणि माल उतरवल्याची सही-शिक्क्याची प्रत हातात घेतल्याशिवाय गेट सोडू नका.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना माझी पद्धत सांगते. शुक्रवारी पेमेंटची यादी बँकेत जाते. त्याआधी मी अडलेली बिलं काढते आणि प्रत्येकापुढे अडवण्याचं कारण लिहिते. पुरवठादाराला तोंडावर सांगता येणार नाही असं कारण असेल, तर ते बिल मी त्याच शुक्रवारी सोडते.