दुकानदाराची फळी आणि आपलं पाकीट

मैत्रिणींनो, पुण्यातल्या किराणा दुकानात मसाल्याच्या फळीसमोर जरा थांबून बघा. सुहाना, अंबारी, एव्हरेस्ट, सगळे शेजारीशेजारी. त्यातले सुहाना आणि अंबारी तर एकाच घरचे, पुण्याच्या प्रवीण मसालेवाल्यांचे! गिऱ्हाइकाने कुठलंही पाकीट उचललं तरी दुकानदाराला त्याचा वाटा मिळतोच. तो कुणाच्याच बाजूचा नसतो. माल किती लवकर उठतो, एवढंच बघतो.

मग आपला कांदा-लसूण मसाला तिथे बसेल का? बसेल, पण आधी हिशेब. समजा छापील किंमत १०० रुपये. दुकानदाराने २० ठेवले, आपल्याला ८०. त्यात मिरची, खोबरं, दळण, पाकीट, एसटीचं भाडं निघून आपली मजुरी सुटते का? भीमथडी जत्रेत स्वतः विकलं की ते २० आपल्याकडेच राहतात. पण जत्रा मोजक्या दिवसांची, दुकान वर्षभराचं.

उधारी किती दिवसांची, तारीख उलटलेला माल कुणाच्या अंगावर, हे माल उतरवायच्या आधीच ठरवा. फूड लायसनचा नंबर, वजन, तारीख पाकिटावर हवीच.

आणि एका फळीवर आपल्याच तीन गटांची तीन नावं नकोत गं बायांनो. मोठ्या कंपनीला ते परवडतं. आपण संघाचं एकच नाव लावू, चव एकच ठेवू आणि सुरुवातीला पन्नासच पाकिटं देऊ.