तिकिटाचा तुकडा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीत साच्यावर उभं राहून आयुष्य काढलेली माणसं. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. म्हणून आज मोठ्या ग्रंथावर न बोलता एका लहान वस्तूवर बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे तिकीट. नाटकाचं, सामन्याचं, सभेचं. दारावरचा माणूस ते फाडतो आणि हातात उरलेला तुकडा आपण घरी जाता जाता फेकून देतो.

पण जगात हे तुकडे जपणारी माणसंही आहेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर 14 एप्रिल 1865 रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरात गोळी झाडली गेली. गुलामगिरी मोडणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्या रात्रीच्या खेळाची दोन तिकिटं कुणीतरी जपून ठेवली. त्यांच्यावर तारखेचा शिक्का आहे. सप्टेंबर 2023 मध्ये ती लिलावात 2 लाख 62 हजार 500 डॉलरला गेली, म्हणजे आपले दोन कोटींच्या वर. त्याच रात्रीचं आणखी एक तिकीट हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. 14 एप्रिल ही तारीख आपल्याला वेगळी सांगायला नको. लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेल्यानंतर 26 वर्षांनी त्याच तारखेला बाबासाहेबांचा जन्म झाला. हा योगायोगच, पण दोन्ही नावं माणसाच्या मुक्तीशी जोडलेली आहेत. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली, तीही गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

लिंकन यांच्यामागून अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. मुक्त झालेल्या काळ्या लोकांना हक्क देणाऱ्या कायद्यांना त्यांनी आडकाठी केली. 1868 मध्ये त्यांच्यावर सिनेटात महाभियोग चालला. ऐकायला एवढी गर्दी लोटली, की गॅलरीसाठी प्रथमच तिकिटं छापावी लागली. दिवसाला एक हजार, आणि कालचं तिकीट आज चालू नये म्हणून रोज वेगळा रंग! जॉन्सन एका मताने वाचले. ती रंगीत तिकिटं मात्र आजही संग्रहात आहेत.

आता तिसरं तिकीट. आमच्या मनात घर करून बसलेलं तिकीट हेच. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या संघांत साठेक वर्षं काळ्या खेळाडूला जागा नव्हती. नियम कुठे लिहिलेला नव्हता, तरी दार बंद होतं. असा न लिहिलेला नियम काय असतो हे आपल्या वस्तीत कुणाला समजावून सांगायला नको. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन संघाकडून मैदानात उतरले आणि ते दार उघडलं. त्या दिवशी त्यांना फटका काही साधला नाही. पण एक धाव काढली आणि संघ 5-3 असा जिंकला. प्रेक्षक होते 25 हजारांवर, आणि त्यांत निम्म्याहून अधिक काळे होते असा अंदाज सांगतात. एवढ्या लोकांकडून तिकिटाचे तुकडे उरले किती? बोटांवर मोजण्याइतके! त्यातला एक फेब्रुवारी 2022 मध्ये 4 लाख 80 हजार डॉलरला विकला गेला.

बंधूंनो, किमतीने डोळे दिपवून घेऊ नका. मुद्दा वेगळा आहे. ते मैदान 1960 साली पाडलं, तिथे इमारती उभ्या राहिल्या. आपल्या गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते आपण रोज बघतो. मैदान गेलं, पण कागदाचा तुकडा राहिला. आणि तो सांगतो की त्या दिवशी एक साधा माणूस तिथे हजर होता. मोठ्यांचा इतिहास पुस्तकात येतो. आपण हजर होतो याचा पुरावा आपल्यालाच जपावा लागतो.

मग आपल्या घरात काय आहे? 14 ऑक्टोबर 1956 च्या दीक्षेला आपले आजे-पणजे नागपूरला गेले. रेल्वेचं पुठ्ठ्याचं तिकीट स्टेशनाबाहेर पडताना काढून घेत, म्हणून ते सहसा घरी आलंच नाही. पण जयंतीची वर्गणी दिल्याची पावती, जलशाचं हँडबिल, परिषदेचा बिल्ला, 1982 च्या संपातली युनियनची पावती, गिरणीचा गेटपास, हे कुणाच्या ना कुणाच्या ट्रंकेत असेल. चाळ पाडायला निघाली की तीच ट्रंक पहिली भंगारात जाते. म्हाताऱ्या आईला विचारा, मगच ट्रंक हलवा.

जपायचं कसं, तेही सांगतो. लॅमिनेशन करू नका. एकदा चिकटलं की कागद मोकळा होत नाही. सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून डाग सोडतो. टाचणी गंजते. स्वच्छ कागदी पाकिटात, ओल नसलेल्या जागी ठेवा. पाकिटावर आधी पेन्सिलीने लिहा, मग वस्तू आत ठेवा : कुणाचं, कुठलं, कोणत्या सालचं. नाव नसलेला कागद दोन पिढ्यांत मुका होतो. हल्लीच्या मशीनच्या पावतीची शाई उडते, तिची झेरॉक्स काढा. आता तर तिकीट मोबाइलवरच येतं, फाडायला तुकडाच नाही. तेव्हा ते छापून ठेवा. आणि खोटं काही ठेवू नका. जिथे पैसा येतो तिथे बनावट तिकिटंही येतात. ऐकीव असेल तर 'ऐकीव' असंच लिहा. तथागतांनीही पारखून घ्यायलाच सांगितलं आहे.

आमची एकच मागणी आहे. या विहारात एक कपाट आणि एक नोंदवही असावी. ज्याला वस्तू द्यायची नसेल त्याने फोटो काढू द्यावा आणि वस्तू घरी न्यावी. मुलांनी नोंदी कराव्यात, वडीलधाऱ्यांनी सांगावं. उद्या आपली नातवंडं विचारतील, 'तुम्ही तेव्हा कुठे होता?' तेव्हा उत्तर त्यांच्या हातात ठेवता आलं पाहिजे.