हिराईच्या गावी दोन दिवस



मागल्या संक्रांतीला थोरल्या जाऊबाईंना घेऊन मी दोन दिवस चंद्रपूरला गेले. त्या विधवा, सणाला घरातच बसून असत. अर्जुनीहून आगगाडीने चांदाफोर्टला उतरलो. थंडी अशी, की तिळाचे लाडू दगड झालेले! जटपुरा दरवाजा पाहिला, महाकालीची ओटी भरली. मग अचलेश्वराजवळची बीरशहाची समाधी. 18व्या शतकाच्या आरंभी पतीमागे राज्य सांभाळून राणी हिराईने ती बांधली. जाऊबाई तिथून हलेनात. म्हणाल्या, “हिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं असेल का गं?”

मला उत्तर सुचले नाही. यंदा आपल्या हळदीकुंकवात पहिले वाण मी त्यांनाच दिले. तुमच्यापैकी काहीजणी कुजबुजल्यात, ते मी ऐकले.