परत न आलेली गस्त



बांद्यात बोलायला उभं राहिलं की युद्ध, सीमा आणि बलिदान हे विषय मुद्दाम काढावे लागत नाहीत. 15 ऑगस्ट 1955 ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींच्या तुकड्या याच वाटेने सीमेवरच्या पत्रादेवीकडे गेल्या आणि निःशस्त्र माणसांवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय लष्कर गोव्यात शिरलं, तेव्हा त्याची एक फळी आपल्या दोडामार्गाच्या बाजूने उतरली. या गोष्टी इथल्या घराघरात सांगितल्या जातात. आज मला अशांबद्दल बोलायचं आहे, ज्यांच्या गोष्टी फारशा सांगितल्या जात नाहीत: युद्धाच्या काळात गस्तीवर गेलेल्या, उडायला शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या विमानांतली माणसं. साहित्य संमेलनात हा विषय कशाला, असं कोणाच्या मनात आलं असेल. माझ्या मते तो इथलाच आहे, आणि का ते सांगतो.

4 डिसेंबर 2023 चा नौदल दिन आपल्या तारकर्लीला झाला. किनाऱ्यावर माणसांचा समुद्र होता, विमानं डोक्यावरून गेली, टाळ्या पडल्या. 4 डिसेंबर हा दिवस 1971 च्या भारत-पाक युद्धातल्या कराचीवरच्या हल्ल्याची आठवण म्हणून पाळला जातो, हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक झालं आहे. त्याच युद्धातली 10 डिसेंबर ही तारीख मात्र कोणाच्या ओळखीची नाही.

आदल्या रात्री, 9 डिसेंबरला, दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुक्री’ ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, त्यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. त्या नौकेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. दुसऱ्या दिवशी सौराष्ट्राच्या बाजूच्या समुद्रावर नौदलाचं एक अलिझे विमान उडत होतं. पाकिस्तानी हवाई दलाच्या एफ-104 स्टारफायटरने ते पाडलं. विमानात तिघे होते: लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट एच. एस. सिरोही आणि एअरक्रूमन विजयन. तिघांपैकी कोणीही परत आलं नाही.

हे विमान कसं होतं, ते बघायला लांब जावं लागत नाही. दाबोळीच्या विमानतळापासून जवळच, बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात एक अलिझे उभं आहे. फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीचं. जहाजाच्या पोटात मावावं म्हणून पंख घडी होणारे. शेपटीखाली आकडा, विमानवाहू ‘विक्रांत’च्या डेकवर उतरताना तो आडव्या तारेत अडकायचा. नाकावर एकच मोठा पंखा. पोटाखालचा रडारचा घुमट उडताना खाली सोडायचा आणि उतरताना वर घ्यायचा. पंखांना मधेच फुगीर डबे आहेत. त्यांत चाकं दुमडून बसतात, आणि पुढच्या भागात सोनोबॉय ठेवलेले असायचे. सोनोबॉय म्हणजे पाण्यात टाकायचा तरंगता कान. तो खाली ध्वनिग्राहक सोडतो, पाणबुडीच्या पंख्याचा आवाज टिपतो आणि रेडिओवरून विमानाला कळवतो. पुढे दोन जागा शेजारी शेजारी, तिसरी मागे.

अशा विमानाचं काम सावकाश उडणं हेच असतं. समुद्राचा एकेक पट्टा तासन् तास पिंजून काढायचा. रडार चालू ठेवलं की शत्रूलाही त्याचा सुगावा लागतो, आणि बंद ठेवलं तर दिसतच नाही. पाणबुडी शोधायची तर खाली यावं लागतं. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणारं लढाऊ विमान मागे लागलं, तर त्याच्याशी झुंजायला अलिझेकडे काहीही नव्हतं. वैमानिक कितीही कसलेला असो, ती गाठ बरोबरीची नव्हतीच. त्याच युद्धात बंगालच्या उपसागरात विक्रांतवरच्या अलिझेंनी कॉक्स बाजार आणि चितगावकडच्या मोहिमांत भाग घेतला. ती विमानं गेली आणि आली. पश्चिमेच्या समुद्रावर गेलेलं हे एक आलं नाही.

मला त्या मागच्या जागेबद्दल बोलायचं आहे. या घटनेचं कुठेही त्रोटक वर्णन आलं की पुढच्या दोघांची नावं हुद्द्यासकट येतात आणि तिसरं कित्येकदा गळून पडतं. नुसतं ‘आणि एक एअरक्रूमन’. कधी तेवढंही नाही. मला हा शोकाइतकाच लेखनाचा दोष वाटतो. कोकणातली जी मुलं नौदलात गेली, त्यांतली बहुतेक याच मागच्या जागेवर, इंजिनाखाली, दारूगोळ्याच्या गाडीजवळ, रेडिओच्या खोलीत गेली. ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ 1964 मध्ये दाबोळीला आला, तेव्हापासून पेडणे, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या कितीतरी घरांतून एखादा माणूस त्या तळाशी जोडलेला आहे. मागच्या जागेचं नाव गाळलं की आपलंच माणूस गाळलं जातं.

आता दुसरी गोष्ट, थोडी बाजूची, पण मराठी वाचकाला टाळता न येणारी. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे 5 डिसेंबर 1971 ला सुखोई-7 घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या तळावर गेले. ते गस्तीचं विमान नव्हतं, हल्ल्याचं होतं, हे मी जाणतो. ते पाडलं गेलं. पाकिस्तानातल्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांमध्ये तांबे यांचं नाव छापून आलं, पण तांबे मात्र परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी, पुढे अनेक दशकं पतीचा शोध घेत राहिल्या. 2007 मध्ये नातेवाइकांचं शिष्टमंडळ पाकिस्तानातले तुरुंग पाहून आलं आणि रिकाम्या हातांनी परतलं. युद्धात बेपत्ता झालेल्या 54 जणांच्या सरकारी यादीत तांबे आहेत, ढवळे आहेत, महाजन आहेत, कदम आहेत. ही आडनावं आपल्या गावांच्या मतदारयादीत सापडतील अशी आहेत.

कायदा म्हणतो, सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं धरावं. मालवण-वेंगुर्ल्याच्या दर्यावर्दी घरांना हा सात वर्षांचा हिशेब माहीत आहे. वादळात होडी गेली, शव मिळालं नाही, तर विम्याचे पैसे, जमिनीवरचं नाव, मुलांचे दाखले, सगळं अडून राहतं. आणि घरातली बाई कुंकू पुसायचं की नाही, या प्रश्नावर गावाच्या तोंडाकडे बघत राहते. “अजून येयत, खंयतरी लागलो आसतलो,” असं म्हणणारी म्हातारी आपण सर्वांनी पाहिली आहे. तांब्यांच्या घरची वाट पाहणं समजून घ्यायला कोकणी माणसाला कोणी शिकवायला नको. म्हणूनच म्हणतो, हा विषय इथला आहे.

शिकणाऱ्यांकडे येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडची 55,573 माणसं मेली. त्यांतली आठ हजारांच्या आसपास सरावात आणि अपघातांतच गेली. शत्रूने पाडलं तर रणात पडला, प्रशिक्षणात कोसळलं तर अपघात. आईला मात्र तार सारखीच येते. 1971 मधलंच उदाहरण घ्या. 20 ऑगस्टला कराचीच्या तळावर फ्लाइट लेफ्टनंट मतिउर रहमान या बंगाली प्रशिक्षकाने टी-33 हे शिकवण्याचं जेट भारताकडे न्यायचा प्रयत्न केला. आत पाकिस्तानी प्रशिक्षणार्थी रशीद मिन्हास होता, वय वर्षं वीस. विमान ठठ्ठ्याजवळ कोसळलं आणि दोघेही गेले. पाकिस्तानने मिन्हासला निशान-ए-हैदर दिलं, बांगलादेशाने मतिउर यांना बीरश्रेष्ठ. मतिउर यांचे अवशेष मायदेशी पोचायला 2006 उजाडलं. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच विमानात, आणि दोन देशांचे सर्वोच्च सन्मान. यावर मराठीत एखादी दीर्घकथा व्हावी असं मला मनापासून वाटतं.

युद्ध नसतानाही हे थांबत नाही. 1 ऑक्टोबर 2002 ला दाबोळीवर दोन आयएल-38 गस्ती विमानं हवेत एकमेकांवर आदळली आणि त्यांतले बाराही नौसैनिक गेले. 24 मार्च 2015 च्या रात्री नौदलाचं डॉर्निअर सरावावर असताना गोव्याच्या नैर्ऋत्येला समुद्रात पडलं. हे स्क्वाड्रन 310 चं विमान, म्हणजे 1971 मध्ये अलिझे उडवणाऱ्या त्याच तुकडीचं. लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि लेफ्टनंट किरण शेखावत गेले. कर्तव्य बजावताना प्राण गमावणाऱ्या किरण या नौदलाच्या पहिल्या महिला अधिकारी. वैमानिक कमांडर निखिल जोशी वाचले. त्यांना पाण्यातून कोणी काढलं? मच्छीमारांच्या बोटीने. रात्रीच्या अंधारात, जाळं टाकायला गेलेल्या माणसांनी. शौर्याचं साहित्य लिहिणाऱ्यांनी त्या बोटीवरच्या खलाशांपर्यंत जायला हवं होतं. आपण गेलो नाही.

आपल्या युद्धलेखनावर माझा आक्षेप हाच आहे. ते हल्ला करणाऱ्याच्या खांद्यावरून बघतं. पाळत ठेवणारा, शिकणारा, शिकवणारा, विमान धुणारा, तारा तपासणारा, परत न आलेल्या विमानाची वेळ फळ्यावरून पुसावी की नाही अशा पेचात उभा राहिलेला, त्याच्या बाजूने फार थोडं लिहिलं गेलं. 1971 मध्ये पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. त्याच्या सांगण्याला आता फार वर्षं उरलेली नाहीत.

म्हणून या संमेलनाच्या ठरावांत एक ठराव घ्यावा, अशी माझी आयोजकांना विनंती आहे. बांद्याच्या नट वाचनालयाने आणि सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिराने मिळून आपल्या तालुक्यांतल्या निवृत्त नौसैनिकांची आणि हवाई दलातून आलेल्यांची तोंडी साक्ष नोंदवावी. मोठा खर्च नाही. एक चांगला ध्वनिमुद्रक आणि दोन-तीन कॉलेजची मुलं लागतील. मुलांनी मोहिमांची नावं विचारू नयेत, ती पुस्तकांत आहेत. विचारावं ते हे: तुम्ही कोणत्या विमानावर काम केलं? त्याचा कोणता भाग तुमच्या हाताखाली होता? ते परत आलं नाही, तेव्हा तुम्हाला कधी आणि कोणी सांगितलं? आत कोण होतं, तिघांचीही नावं सांगा. उत्तर मालवणीत आलं तर मालवणीतच उतरवावं, प्रमाण मराठीत बसवू नये. पहिल्या दहा मुलाखतींचा खर्च मी करतो, आणि उतरवून घ्यायला बसायचीही माझी तयारी आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. दुपारच्या सत्रात तो मांडायला कार्यवाहांनी वेळ द्यावा.