संगमावरच्या साहेबाची बेगम

आम्ही भांडुपच्या टेंभीपाड्यातून बोलतोय. मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एकीच्या लेकीचं जात पडताळणीचं काम निघालं. वंशावळ लिहायला बसलो. खापरपणजोबापासून सगळे बापे भराभर आठवले. बायका मात्र 'ती कऱ्हाडची', 'ती धाकटी' एवढ्याच. पणजीचं नाव कुणाला सांगता येईना. त्यावरून आम्हाला एका गोऱ्या साहेबाच्या घराची गोष्ट आठवली, तीच आज सांगतो.

साहेब म्हणजे कर्नल विल्यम पामर. कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १७९८ ते १८०१ या काळात तो पुण्याला पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. मुळा-मुठेच्या संगमावर ही रेसिडेन्सी होती. १८०० साली नाना फडणवीस वारले, तेव्हा मराठी राज्यातलं शहाणपण त्यांच्याबरोबर गेलं, असं कळवणारा तो हाच.

या साहेबाच्या घरात बेगम होती. फैज बख्श तिचं नाव. उत्तरेकडच्या मुसलमान घराण्यातली. पामरचं आधीचं एक लग्न झालेलं होतं, वेस्ट इंडीजमध्ये. पण पुढचं सगळं आयुष्य त्यानं फैजबरोबर काढलं. त्यांचं एक चित्र आहे, १७८५-८६ च्या सुमाराचं. साहेब बसलेला, शेजारी बेगम, मुलं, बायामाणसं. चित्र अर्धवटच राहिलं.

पुढे दिवस बदलले. कंपनीनं १७९१ साली नियम केला, हिंदी आईच्या मुलाला नोकरीत घ्यायचं नाही. १७९५ साली आणखी आवळलं. फौजेत घेतलं तर ढोल-बासरी वाजवायला नाहीतर घोड्यांना नाल ठोकायला. बाप कर्नल असला तरी तेच! १७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला आणि तो हिंदुस्थानावर येतो की काय, अशी इंग्रजांना धास्ती लागली. इथल्या दरबारांशी फार मिळूनमिसळून वागणारे पामरसारखे जुने साहेब वरच्यांना नकोसे झाले. १८०१ मध्ये त्याला पुण्याहून हलवलं.

फैजचा मुलगा, त्याचंही नाव विल्यम, इंग्लंडमध्ये शिकून आला होता. कंपनीचं दार बंद, म्हणून तो हैदराबादेत निजामाच्या फौजेत गेला, पुढे तिथंच त्यानं सावकारी पेढी काढली. पेढीनं निजाम सरकारला भरमसाट कर्ज दिलं आणि शेवटी ती बुडाली. तो मोठा पसारा आहे, आज त्यात शिरत नाही.

फैजची एक मैत्रीण होती, हैदराबादची खैर-उन-निस्सा. तिचा नवराही इंग्रज रेसिडेंट, कर्कपॅट्रिक. १८०५ मध्ये तिची दोन लहान मुलं इंग्लंडला पाठवली. मुलाचं नाव साहिब आलम, मुलीचं साहिब बेगम. तिकडे ती झाली विल्यम आणि कॅथरीन. त्याच वर्षी नवरा वारला. मुलं आईला पुन्हा दिसली नाहीत. आमच्यातली एक हे ऐकून म्हणाली, "अगं, लग्नात माझंही नाव असंच तांदळात लिहून बदललं की!"

पामर १८१६ साली वारला. मृत्युपत्रात त्यानं फैजचं नाव घातलं, पस्तीस वर्षांहून जास्त काळची मायेची सोबतीण म्हणून. बायको म्हणून नाही. यावर आमच्यात बराच वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, एवढं लिहिलं हेच खूप. बाकीच्यांना ते पटलं नाही, आम्हालाही नाही. इतकी वर्षं जिनं घर सांभाळलं, तिला सोबतीण म्हणून मोकळं व्हायचं? फैज मुलाकडे हैदराबादेत राहिली आणि १८२८ साली तिथंच गेली.

आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर आपल्या राज्यात आईचं नाव बापाच्या आधी लागतं. पणजीचं कुठं लागणार? आमच्या त्या मैत्रिणीनं गावी म्हाताऱ्या आत्याला फोन लावला. आत्या थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सासरचं गोदावरी. माहेरचं चिमा." वंशावळीच्या कागदावर त्याला जागा नव्हती. आम्ही पेन्सिलीनं कडेला लिहिलं.

तुमच्या घरातल्या पणज्यांची नावं सापडली तर दोन्ही लिहून आमच्याकडे पाठवा, माहेरचं आणि सासरचं. पुढच्या वेळी इथून वाचून दाखवू.